जॉन ॲस्किनची पत्रं वाचताना

कॅनडातल्या सुरुवातीच्या व्यापाऱ्यांची मूळ पत्रं वाचायची म्हणजे ओटावाला किंवा टोरांटोला जावं लागेल, असं वाटत होतं. मी राहते विंडसरमध्ये. मला हवे होते ते कागद निघाले नदीपलीकडे, अमेरिकेत, डेट्रॉईटच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बर्टन संग्रहात. त्यामागे कारण आहे. १७९६ पर्यंत डेट्रॉईट ब्रिटिशांच्याच ताब्यात होतं. जॉन ॲस्किन हा मूळचा आयर्लंडचा व्यापारी आधी मिशिलिमॅकिनॅकच्या ठाण्यावर आणि मग डेट्रॉईटला व्यापार करत होता. शहर अमेरिकेकडे गेल्यावर त्याने ब्रिटिश प्रजा म्हणूनच राहायचं ठरवलं आणि १८०२ मध्ये तो या तीरावर आला. त्याचं ‘स्ट्रॅबेन’ हे घर आजच्या विंडसरच्या हद्दीत होतं. माणूस इकडे आला, त्याचे कागद मात्र तिकडे आहेत.

हस्तलिखितांना मी लगेच हात घातला नाही, आणि नवख्या माणसालाही मी हेच सांगेन. माइलो क्वेफ यांनी संपादित केलेले या कागदांचे दोन खंड १९२८ आणि १९३१ मध्ये छापले गेले. ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. आधी छापील पत्रं तारीखवार वाचत गेले. पहिली काही पानं अगदी कोरडी वाटतात: पीठ, मका, रम, कातडी, कोणती होडी निघाली, कोणती अडकली. गाडी पुढे सरकली ती नात्यांचा तक्ता केल्यावर.

मोठा कागद घेतला आणि प्रत्येक नाव कोणाचं कोण ते लिहीत गेले. नायगाराच्या धबधब्याला वळसा घालून माल खुष्कीने न्यायचा धंदा ज्याच्या हातात होता, तो क्वीन्स्टनचा रॉबर्ट हॅमिल्टन हा ॲस्किनचा जावई. धबधब्याच्या वरच्या बाजूच्या सरोवरांतली जहाजं ज्याच्या हुकमतीत होती, तो अलेक्झांडर ग्रँट त्याचा साडू. मॉन्ट्रियलहून उधारीवर माल पाठवणारे आयझॅक टॉड आणि जेम्स मॅकगिल हे नात्यातले नव्हेत, पण आयुष्यभराचे स्नेही आणि त्याचे सगळ्यात मोठे धनकोही तेच. (याच मॅकगिलने १८१३ मध्ये मरताना दहा हजार पौंड आणि मॉन्ट्रियलची आपली जागा कॉलेजसाठी ठेवली. आपल्याकडची मुलं शिकायला जातात ते मॅकगिल विद्यापीठ त्यातूनच उभं राहिलं.) हा तक्ता समोर असला की एकाच पत्रात बाळंतपणाची खबर, पिठाचा भाव आणि थकलेल्या बाकीची आठवण एकापाठोपाठ का येते, ते कळतं. बँक नाही, त्यामुळे उधार मिळणार ते ओळखीवर आणि सोयरिकीवर. घरची खुशाली कळवणं हा त्या व्यवहाराचाच भाग होता, असं माझं ठाम मत झालं आहे. ॲस्किनला कर्ज रोखीने फेडता आलं नाही, त्यापोटी त्याने जमिनी लिहून दिल्या, तरी मॉन्ट्रियलच्या दोघांशी त्याचा स्नेह तुटला नाही.

हिशोबाचा घोळ मात्र आधी सोडवून घ्यावा लागतो. पौंड लिहिलेले असतात, पण कोणते? स्पॅनिश डॉलर म्हणजे तेव्हा चालणारं चांदीचं नाणं. अशा एका डॉलरचे हॅलिफॅक्स चलनात पाच शिलिंग, न्यूयॉर्क चलनात आठ. म्हणजे न्यूयॉर्क हिशोबाचे १०० पौंड हे हॅलिफॅक्स हिशोबाने फक्त ६२ पौंड १० शिलिंग. काही कागदांत लिव्र हे जुनं फ्रेंच चलनही आहे. हे कोष्टक मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं. ते नजरेआड झालं की कोण किती बुडाला याचा अंदाज पार चुकतो.

मग अक्षर. माझे मामा मोडी कागद वाचायचे. ते सांगायचे, आधी तारीख आणि मायना पकड, मजकूर आपोआप सुटत जातो. इथेही तेच कामी आलं. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची तारीख, ‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्याची. शेवटची नम्रतेची ओळ ठरावीक असते, तिच्यावरून लिहिणाऱ्याचं वळण हाती लागतं. त्या काळचा लांब ‘s’ हा ‘f’सारखा दिसतो, त्याची सवय होते. छापील मजकूर शेजारी ठेवून मूळ कागदाचे फोटो वाचायचे आणि पुढे छापील मजकूर झाकून वाचायचं, असा सराव केला. त्यानंतरच नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉईटला गेले.

प्रत्यक्ष कागद हातात आल्यावर छापील खंडात न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या. त्या काळी पाकीट नसे. कागदाचीच घडी घालून लाखेने बंद करत आणि बाहेरच्या चौकोनात पत्ता लिहीत. कोणाच्या हाती पाठवलं, त्याचं नावही बऱ्याचदा तिथेच असे. फोडताना लाखेबरोबर कागद फाटे, म्हणून नेमके दोन-चार शब्द गायब असतात. घडीच्या पाठीवर पत्र मिळालेल्याने नोंद केलेली असते: कोणाचं, कधीचं, कधी पोचलं, उत्तर कधी दिलं. या नोंदी मी वेगळ्या उतरवून घेतल्या. सरोवरं गोठली की जहाजं बंद, मग पत्रं जमिनीवरून निरोप्याच्या हाती जात. हिवाळ्यातली पत्रं वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. लिहिणाऱ्याला माहीत असायचं की उत्तर येईपर्यंत भाव बदललेला असेल, आजारी माणूस कदाचित नसेलही.

एका पत्रापाशी मी फार वेळ थांबले. १७७८ मध्ये मिशिलिमॅकिनॅकहून लिहिलेल्या पत्रात ॲस्किन, मालाची मागणी करावी तशीच, नऊ ते सोळा वर्षांच्या दोन सुंदर गुलाम मुली पाठवायला सांगतो. पुढेमागे धंद्याच्याच गोष्टी. मुली आदिवासी. त्याची स्वतःची थोरली मुलंही बहुधा मनेट नावाच्या आदिवासी गुलाम स्त्रीपासून झालेली होती. तिला त्याने १७६६ मध्ये मुक्त केलं. तसं असेल, तर हॅमिल्टनची बायको कॅथरिन ही मनेटचीच मुलगी आणि हॅमिल्टन शहर वसवणारा जॉर्ज हॅमिल्टन हा मनेटचा नातू. मी वाचलेल्या इतक्या पत्रांत मनेटच्या हातचं एकही नाही. तेव्हापासून मी दुसरी यादी ठेवते: ज्यांनी पत्र लिहिलं नाही, पण जे पत्रांत, मालमत्तेच्या याद्यांत, पावत्यांत सापडतात त्यांची. नाव, साल, कोणत्या कागदात. जुन्या पत्रव्यवहारावर काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती.

सध्या ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाची पत्रं चालू आहेत. १७ जुलैला मॅकिनॅक बेटावरचं अमेरिकन ठाणं ब्रिटिशांनी घेतलं, त्यात ॲस्किनचा मुलगा जॉन होता. १६ ऑगस्टला डेट्रॉईट पडलं. तेव्हा तिथल्या अमेरिकन नागरी सैन्यात अधिकारी होता एलायजा ब्रश, ॲस्किनचा दुसरा जावई. मुलगी त्या तीरावर, बाप या तीरावर. या वर्षातली पत्रं मी तारखेप्रमाणे दोन रकान्यांत लावते आहे, एकात या तीरावरची, दुसऱ्यात त्या तीरावरची. हे झालं की किंग्स्टन. हॅमिल्टनचा भागीदार रिचर्ड कार्टराइट याच्या पत्रांच्या नक्कलवह्या तिथे क्वीन्स विद्यापीठात आहेत. ॲस्किनकडे माल उशिरा का पोचत होता, याची दुसरी बाजू त्यांत शोधायची आहे.