दोन दारांची जिप्सी आणि पायाखालचा पत्रा

माझ्याकडे १९९७ सालची मारुती जिप्सी किंग आहे. गुडगावात बांधलेली असली तरी तिचे मूळ घराणे सुझुकीचे. जपानमध्ये १९८१ साली आलेल्या, दुसऱ्या पिढीच्या जिमनी या छोट्या जीपच्या लांब आवृत्तीवरून १९८५ मध्ये ९७० सीसीची जिप्सी भारतात निघाली आणि १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन घेऊन ‘किंग’ आली. दारे दोनच असल्यामुळे मागे बसणाऱ्यांना मागच्या झडपेतून चढून समोरासमोरच्या बाकांवर बसावे लागते. आईने असा प्रवास एकदाच, जोतिबापर्यंत केला. तेव्हापासून पुढची सीट तिची आहे.

जुनी गाडी म्हटली की लोक इंजिनाची चौकशी करतात. माझ्या इंजिनाने मात्र अधूनमधून कार्बोरेटर साफ करण्यापलीकडे फारसे काही मागितलेले नाही. खरा वैरी गंज. मागील पावसाळ्यात गगनबावड्याहून परतताना बूट ओले झाले, म्हणून घरी येऊन मॅट उचलली, तर खाली पुरीएवढे भोक! सुदैवाने या गाडीची बॉडी वेगळ्या, दणकट चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टांनी बसवलेली असते, त्यामुळे कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करता आला आणि चॅसीला धक्का लागला नाही. पाट्याच्या (चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या) टोकाला धरणाऱ्या शॅकलची पिनही झिजली होती; ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर नवी कातून मिळाली. ऑइल इंजिनांच्या कामावर वाढलेल्या या वस्तीत जुना भाग नमुना म्हणून हातात ठेवला की निम्मे काम झालेले असते.

चारही चाकांना पाटे असल्याने रिकामी गाडी उड्या मारते आणि महामार्गावर सत्तरच्या पुढे गप्पा मारणे अशक्य होते. पावसात डांबरी घाटात फोर-व्हील टाकावे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद द्यावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर, जिथे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते, सगळा ताण पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि अ‍ॅक्सलवर येतो. फोर-व्हीलचा लिव्हर मी चिखलासाठीच राखून ठेवला आहे.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. माझी पुढची पाळी २०२७ मध्ये आहे. त्याआधी क्लीनर बाजूचा पत्राही तपासायला हवा, पण ती मॅट उचलण्याचे धाडस अजून झालेले नाही.