अजून 'शारदा'च का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर दर वर्षी हसून टाळते. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की कुणीतरी दारात येऊन विचारतंच, "मॅडम, १८९९ सालचं नाटक कशाला घेता? आता कोण पोरगी म्हाताऱ्याला देतंय?"

नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा'. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल मुलगी शोधतो, कांचनभट नावाचा बाप पैसे घेऊन मुलगी द्यायला तयार होतो. ती मुलगी शारदा. देवलांनी बाकी नाटकं संस्कृतातून, इंग्रजीतून आणली. स्वतंत्र असं हे एकच. आणि हेच सगळ्यांत जास्त आपल्या घरातलं वाटतं.

आता कोण म्हाताऱ्याला देतंय, हे खरंच आहे. आमच्या बीड जिल्ह्यात नवरा एकवीस-बावीसचा असतो, कधी त्याहून लहान. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता, म्हणून त्याचं लग्न लवकर उरकतात. शिवाय आई-बाप पाच-सहा महिने फडात, वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? या बापांना मी कांचनभट म्हणू शकत नाही. कांचनभट लोभी होता, हे घाबरलेले आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांमागे जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हातारा गेला, मांडव तसाच राहिला.

पण आकडे सांगायला नाटक लागत नाही. मी 'शारदा' घेते ती देवलांच्या चलाखीसाठी. हा माणूस आधी हसवतो. शारदेची खोडी काढायला मैत्रिणी 'श्रीमंत पतीची राणी' हे पद म्हणतात, पुढे 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' येतं. माझ्या नववीतली पोरं पाऊणशेला हमखास अडतात. "म्हणजे पावणेदोनशे का, मॅडम?" पंचाहत्तर म्हटलं की वर्ग फुटतो. एक जण आपल्या आजोबाचं वय मोजतो, दुसरा कवळी पडल्याची नक्कल करतो. मी थांबवत नाही. हसणं पुरतं अंगात भिनू द्यायचं, आणि मग 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' वाचायचं. तोच म्हातारा, तेच लग्न. फक्त आता शारदा बघतेय. मघाशी हसलेल्या पोराला आपलं हसू कुठं ठेवावं कळत नाही. पहिल्याच प्रवेशात देवलांनी रडारड मांडली असती, तर प्रेक्षक रुमाल काढून मोकळा झाला असता.

शारदेचं काम मी मुलाला देते. किर्लोस्कर नाटक मंडळीनं नाटक केलं तेव्हाही शारदा पुरुषच व्हायचा, पुढे बालगंधर्वही झाले. त्या काळी बाई रंगभूमीवर येत नव्हती म्हणून तसं. माझं कारण वेगळं आहे. ओढणी घेऊन पहिले दोन दिवस खिदळणारा पोरगा तिसऱ्या दिवशी 'तू टाक चिरुनि ही मान' नीट म्हणायला लागतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याची वाटच बघते.

मला खटकणारी जागाही सांगते. लग्न मोडतं कशामुळे? शारदेला नको म्हणून नाही. ती रडते, विनवते, कुणी ऐकत नाही. सुधारक कोदंड ओरडून ओरडून थकतो. शेवटी निघतं की वर-वधू सगोत्र आहेत, आणि मग लग्न थांबतं. तरुणपणी मला वाटायचं, देवलांनी इथं कच खाल्ली. गोत्र वेगळं असतं तर?

मग आमच्या शाळेतल्या एका मुलीचं लग्न थांबलं. कुणीतरी १०९८ वर, मुलांच्या मदतीसाठीच्या नंबरवर, फोन केला होता. ग्रामसेवक आले, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. त्यांनी माझ्याकडं जन्मतारखेचा उतारा मागितला. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं. पंधरा वर्षं चार महिने. तेवढ्यावर लग्न थांबलं. आई-बापांनी बालकल्याण समितीपुढं हमीपत्र लिहून दिलं. सगळं नियमाप्रमाणं, चोख झालं, आणि या सगळ्यात त्या मुलीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. रजिस्टर बंद करताना कांचनभटाचं गोत्र आठवलं. देवलांनी कच खाल्ली नव्हती, त्यांनी पाहिलं तसं लिहिलं होतं.

(जाता जाता: १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडं 'शारदा कायदा' म्हणतात, म्हणून तो या नाटकावरून आला असं पुष्कळांना वाटतं. तो हरबिलास सारडांच्या नावाचा. ही चूक दुरुस्त करताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं.)

आणि देवल लग्न मोडल्यावर पडदा पाडत नाहीत, हे फार मोठं. अर्ध्यावर लग्न मोडलेली शारदा जीव द्यायला नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो, शेवट गोड होतो. तो गोडवा त्या काळच्या प्रेक्षकासाठी असेल. माझ्या लेखी नाटक नदीवर आहे.

ती मुलगी चौथ्या दिवशी शाळेत आली. नखं अजून हळदीनं पिवळी. तालीम चालू होती. मला वाटलं, हिला आज घरी पाठवावं. ती म्हणाली, "मला काम द्या." कुठलं, विचारलं तर म्हणाली, "दलालाचं."

दिलं. मिशी लावली, बगलेत चोपडी दिली, आणि तिनं भद्रेश्वर दीक्षित असा उभा केला की आमचे शिपाईमामासुद्धा हसून लोळले. बोलताना मध्येच फोन कानाला लावल्यासारखा हात करायची; ते मी शिकवलेलं नव्हतं. प्रयोगाला पालकांत तिचा बाप बसला होता. तो हसला का, हे मी बघितलं नाही, मला बघवलं नाही.

पुढच्या दिवाळीला ती आई-बापाबरोबर कारखान्याकडं गेली. दाखला मागायला कुणी आलं नाही, त्यामुळं रजिस्टरात तिचं नाव अजून आहे.