लेहचं निळं आकाश आणि 'वेदर'मुळे कॅन्सल झालेलं फ्लाइट – माझा अनुभव

लेहला जाणार असाल तर परतीच्या विमानाबद्दल हे वाचून ठेवा. पँगाँग, खार्दुंग ला वगैरे सगळं मस्त झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

जुलैअखेरीस आमचं परतीचं फ्लाइट होतं, त्यातल्या त्यात उशिराचं. चेक-इनच्या लाइनीत उभे होतो तोच फ्लाइट कॅन्सल. कारण काय तर "सर, वेदर है." बाहेर कडकडीत ऊन, नावालाही ढग नाही. आई म्हणाली, "हे खराब वेदर? मग पावसाळ्यात आपल्या लोहगावला विमान उतरतं कसं रे?"

लाइनीत सुट्टीवर घरी निघालेला एक एअरफोर्सवाला होता, त्याने समजावलं. लेहचा रनवे एअरफोर्सचा आणि 10,682 फुटांवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. त्यात ऊन तापलं की हवा अजून विरळ, मग भरलेलं विमान उचलायला तेवढाच रनवे कमी पडतो. 2024 च्या जुलैमध्येही असंच गरमीमुळे फ्लाइट्स कॅन्सल झाली होती. वर डोंगर असे की बहुतेक वेळा रनवे 07 वर, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, उतरायचं आणि उलट दिशेने 25 वरून उडायचं, त्यामुळे दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला की उतरणाऱ्या विमानाच्या तो पाठीमागून येतो. म्हणून तिथलं सगळं काम सकाळी. पटलं मला. पण हे दोन वाक्यांत काउंटरवरच्या माणसाला सांगता येत नव्हतं?

खरा वैताग पुढेच. मोबाईलवर मेसेज आला 'ऑपरेशनल रीझन', तोंडाने सांगतायत 'वेदर'. मी म्हटलं जे असेल ते लेखी द्या, ट्रॅव्हल इन्शुरन्सला लागतं. तर म्हणे इथे प्रिंटर नाही, मेल करा. मेल केला तर उत्तर आलं की तुमचं तिकीट पोर्टलवरून आहे, पोर्टलला विचारा. पोर्टलवाली बाई गोड आवाजात, "सर, एअरलाइनने अजून कॅन्सल अपडेट केलेलं नाही, तुम्ही स्वतः कॅन्सल केलंत तर चार्जेस लागतील." म्हणजे विमान उडालंच नाही आणि चार्जेस मी भरायचे! परत एअरलाइन, परत पोर्टल, तोच पीएनआर, तीच होल्डवरची ट्यून, आणि दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून रामायण. शेवटी एअरसेवावर (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार टाकली, त्यात डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम लिहिला की तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच, आणि तो 'ऑपरेशनल'वाला स्क्रीनशॉट जोडला. मग मात्र सुतासारखे सरळ! रिफंडही आला आणि कॅन्सलेशनचं पत्रही. स्वतःवर जाम खूश होतो त्या दिवशी.

हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण रिफंड किंवा दुसरं फ्लाइट यातलं काय हवं ते आपण निवडायचं. काउंटरवर फक्त दुसऱ्या फ्लाइटचंच सांगतात, तेही जागा असेल तेव्हाचं.

तिकीट काढताना सकाळचं पहिलं फ्लाइट घ्या, दोन-तीनशे वाचवायला उशिराचं घेऊ नका. दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवशीचं अजिबात नको. आणि हो, मेटार (विमानतळावरच्या हवामानाचा ताजा रिपोर्ट) बघायला शिका, कोणत्याही एव्हिएशन वेदर साइटवर लेह विमानतळाचा कोड व्हीआयएलएच (VILH) टाकला की येतो. त्यात 25015केटी असं दिसलं तर वारा 250 अंशांकडून 15 नॉट, 26/04 म्हणजे तापमान 26 आणि दवबिंदू 4. तापमानाचा आकडा सकाळीच चढायला लागला की समजायचं, फ्लाइट कॅन्सल होऊ शकतं.

रनवेचे, विमानतळाचे फोटो काढू नका, डिफेन्सची जागा आहे, फोन काढला की लगेच जवान येतो. बोर्डवर 'कॅन्सल्ड' आलेलं दिसतं त्याचा पुरावा हवा असेल तर एअरलाइनच्या अ‍ॅपमधला स्टेटस वेळेसकट स्क्रीनशॉट करून ठेवा, नंतर तो बदलतो.