बारा फुटी रिव्हेटची की चौदा फुटी वेल्डिंगची?

कोकणात दोन-तीन माणसांसाठी ॲल्युमिनियमची छोटी बोट घ्यायची म्हटली की घोळ बहुतेक दोन पर्यायांत अडकतो. एक, बारा फुटी, सपाट तळाची, १.६ मिमी पत्र्याची, रिव्हेट मारलेली, मागे ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. दुसरी, चौदा फुटी, व्ही तळाची, ३ मिमी पत्र्याची, पूर्ण वेल्डिंगची, मागे २० एचपीचं फोर-स्ट्रोक. चर्चा होते ती किमतीची आणि वेगाची. खरं तर दोनच प्रश्न आधी विचारावेत: बोट खाडीच्या मुखाबाहेर जाणार का, आणि रात्री राहणार कुठे?

मुखाचं आधी. कर्लीच्या मुखाशी देवबागला किंवा वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून समुद्राची लाट आत येत असते. दोघांची गाठ वाळूच्या दांड्यावर पडते. तिथे लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) ओहोटीत हे सगळ्यात वाईट, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरती-ओहोटीत, त्यामानाने सुसह्य. म्हणून भरती संपत आलेली असताना किंवा पाणी थांबलेलं असताना दांडा ओलांडायचा, हे कुठलाही जुना मच्छीमार सांगेल. सपाट तळ या लाटेवर चढत नाही, आपटतो. त्याहून धोका परतताना, कारण तेव्हा लाट मागून येते. बारा फुटीचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची फळी, साधारण १५ इंच उंच असतो. पंखा हवेत निघून इंजिन नुसतं भिरभिरलं आणि बोट क्षणभर थांबली, की मागची लाट सरळ आत. चौदा फुटीचा ट्रान्सम २० इंची असतो आणि चांगल्या बोटीत त्याच्यापुढे पाणी अडवून बाहेर सोडणारा हौद असतो. हा हौद नसेल तर चौदा फुटीसुद्धा मुखाबाहेर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा त्रास दुपारच्या वाऱ्याचा. पावसाळा सोडला तर दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो आणि फूट-दीड फुटाच्या टोकदार लाटा करतो. मागच्या बाजूला १२ ते १४ अंशांचा व्ही असलेला तळ त्या कापत येतो. सपाट तळात पाठीचे मणके मोजून घ्यावेत. उलट खाडीत उभं राहून गळ टाकायला किंवा जाळं ओढायला सपाट तळच बरा, कारण तो एकाच बाजूला वजन पडलं तरी पटकन कलत नाही. तो चार-पाच इंच पाण्यात चालतो हेही खरं, पण इंजिनचा पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, तळाखाली जवळपास फूटभर लोंबतो. उथळ पाण्यात पाय उचलून वल्ह्याने जायचं असेल तरच त्या चार इंचांचा फायदा.

आता वजन. बोट पाण्यावर उचलून पळायला एका एचपीमागे साधारण २५ किलो चालतात. तीसच्या पुढे ती नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर करून पाणी ढकलत राहते. बारा फुटी होडी ६५ किलो, इंजिन ३७, दोन माणसं १४०, पेट्रोल-नांगर-सामान २५. झाले २६७, म्हणजे एचपीमागे २७. दोघांत पळेल, तिसरा बसला की नाही. चौदा फुटी १५० किलो, इंजिन ५२, तीन माणसं २१०, सामान ४०: एकूण ४५२, एचपीमागे २३. हिच्यावर पैसे वाचवायला ९.९ लावलं तर आकडा ४४ वर जातो आणि बोट आयुष्यभर रांगते. फुल थ्रॉटलला टू-स्ट्रोक ९.९ तासाला सुमारे ५ लिटर पितं, फोर-स्ट्रोक २० सुमारे ७. टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक, हा हिशोब दोन्हींना सारखाच.

शाफ्टची, म्हणजे इंजिनच्या उभ्या दांड्याची, लांबी ट्रान्समला जुळली पाहिजे: १५ इंचाला शॉर्ट, २० इंचाला लाँग. पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. स्वस्त मिळालं म्हणून १५ इंची ट्रान्समवर लाँग शाफ्ट टांगतात. मग पाय पाच इंच जास्त खाली राहतो, वेग मरतो आणि प्रत्येक खडपाला पहिला तोच लागतो.

रात्रीचा प्रश्न. पुळणीवर बोट ओढून ठेवायची असेल तर ६५ किलोची होडी इंजिन काढून दोन माणसं उचलतात. चौदा फुटी सामानासकट अडीचशे किलोच्या आसपास. तिला ट्रॉली आणि चार माणसं, नाहीतर विंच. मालवणसारख्या खडपाळ किनाऱ्यावर आणि जांभ्याच्या उतारावर ३ मिमी पत्रा ओरखडे खाऊन राहतो, १.६ मिमीला पोचे पडतात. पोचा म्हणजे भोक नव्हे. खरं नुकसान होतं ते पोचा रिव्हेटच्या ओळीवर पडला तर.

रिव्हेटची होडी आपटत राहिली की पत्रा लवतो, रिव्हेटची भोकं लांबट होतात आणि शिवणीतून पाणी झिरपू लागतं. सैल रिव्हेट मागून आधार देऊन पुन्हा ठोकता येतो. तो गेलेलाच असेल तर काढून भरीव रिव्हेट आणि पॉलियुरेथेन सीलंट. आंबट वासाचं साधं सिलिकॉन वापरू नये, ते पत्रा खातं. एक गोष्ट अजिबात करायची नाही: जागा व्हावी म्हणून मधली बसायची पेटी कापून काढायची नाही. दोन्ही बाजू ताणून धरणारी तीच, आणि आतला फोमही तिच्यातच.

वेल्डिंगची बोट गळत नाही, पण चिरते, आणि चीर सहसा वेल्डिंगच्या टाक्यात नाही तर टाक्याशेजारी पडते, कारण उष्णतेने तिथला पत्रा मऊ झालेला असतो. ट्रान्समचे कोपरे आणि नाळेखालची कड आधी बघा. दुरुस्तीला गावातल्या ग्रिलवाल्याची आर्क मशीन उपयोगाची नाही. आरगॉन वायूवर चालणारं टिग किंवा मिग वेल्डिंग, आणि ५३५६ या मिश्रधातूची तार लागते. असा वेल्डर रत्नागिरीला किंवा गोव्यात गाठावा लागेल हे गृहीत धरा. फायबरची होडी गावोगाव दुरुस्त होते, ही नाही. पत्रा विचारून घ्या: ५०५२ किंवा ५०८३ असा मिश्रधातूचा नंबर बिलावर लिहून हवा. नुसतं ‘मरीन ग्रेड’ याला अर्थ नाही.

खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा शत्रू म्हणजे तांबं. तांबं घातलेला तळाचा रंग लावला तर पत्राच गंजून जातो. तांब्याचं औषध मारलेलं प्लायवूड ट्रान्समला किंवा ट्रॉलीच्या फळीला नको. तळात साचलेल्या पाण्यात गळाच्या दोरीची पितळी फिरती कडी (स्विव्हल), शिशाची वजनं किंवा एखादं जुनं नाणं पडून राहिलं, की त्याच्याखाली पांढरी भुकटी जमते. खरवडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा दिसतो. तेच ओल्या गोणपाटाखाली आणि काथ्याच्या दोराखाली, कारण तिथे ओल राहते आणि हवा पोचत नाही. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुवा आणि तळाचा बूच काढून नाळ वर ठेवा. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, खाली नायलॉनचा वॉशर आणि बोल्टच्या आट्यांना सीलंट. बॅटरीची निगेटिव्ह तार पत्र्याला जोडू नये, दोन्ही तारा वेगळ्या न्याव्यात. बोट पाण्यातच नांगरून राहणार असेल तर तळाला झिंक, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा (ॲनोड), हवं. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचं ॲनोड चांगलं काम करतं. ते अर्धं खाल्लं गेलं की बदला, आणि त्यावर रंग मारू नका.

लाकडाची होडी भरली तरी तरंगते, पत्र्याची बुडते. पाण्यात ॲल्युमिनियमचं वजन मूळच्या साधारण ६३ टक्के उरतं. १५० किलोच्या बोटीचे ९५, इंजिनचे ४० धरले तर नुसती बोट वर ठेवायलाच सुमारे १४० लिटर बंद पेशींचा फोम लागतो. माणसांना धरायला आधार हवा म्हणून २०० लिटर धरा. फोम किती आणि कुठे भरलाय, हे बनवणाऱ्याला विचारल्यावर आकडा आला नाही तर दुसरा बनवणारा बघा. किती माणसं बसतील याचा फुटांतला ढोबळ हिशोब लांबी गुणिले रुंदी भागिले १५: १४ गुणिले ५ चे चार. मुखाबाहेर त्यातला एक कमी.

तेव्हा खाडीतच फिरायचं, खेकडे-काळुंद्री आणायची आणि संध्याकाळी ओढून ठेवायची, तर बारा फुटी रिव्हेटची घ्या आणि उरलेल्या पैशांत लाइफ जॅकेट घ्या. मुखाबाहेर महिन्यातून एकदाच जायचं असलं, तरी चौदा फुटीच. मधला मार्ग म्हणून बारा फुटी व्ही तळाची काही जण सुचवतात. तिचा काठ पाण्यावर पुरेसा उंच नसतो, म्हणून मी टाळतो. मासेमारीसाठी असेल तर नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे करायची, आणि १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी डोक्यात ठेवून खरेदीची वेळ ठरवायची.

जुनी घेत असाल तर बोट सपाट वाळूवर ठेवून आत चार इंच पाणी भरा. ते साडेतीनशे लिटरच्या आसपास जाईल, म्हणून ट्रॉलीच्या दोन फळ्यांवर ठेवून हे करू नका. तासाभराने खालून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. इंजिनचा पाय धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम लवला तर आतलं लाकूड कुजलंय. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करा: दुधाळ आलं तर सील गेलंय. इंजिन चालू केल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार जोमात पडली पाहिजे. क्षीण असेल तर इम्पेलर, म्हणजे ते पाणी खेचणारं पंपातलं रबरी चाक, बदलायचा पैसा किमतीतून वजा करून मागा.