तुम्ही विचारलंत म्हणून : कार्डाच्या बिनव्याजी मुदतीवर व्याज कमवावे का?

मी कोल्हापुरात व्यापाऱ्यांचे आणि नोकरदारांचे हिशेब पाहतो, प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देतो. त्या निमित्ताने एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. महिन्याचा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करायचा, पगार खात्यात तसाच राहू द्यायचा, बिलाच्या शेवटच्या तारखेला एकरकमी भरणा करायचा आणि मधल्या काळात त्या पैशावर मिळालेले व्याज आपल्या पदरात पाडून घ्यायचे, यात खरोखर काही हाती लागते का? माझे उत्तर असे की लागते, पण ते फार थोडे असते. आणि ज्याच्या खात्यात बिलाचे पूर्ण पैसे खर्चाच्या दिवशीच पडून असतात, त्याच्याच ते हाती राहते.

आधी रक्कम पाहू. समजा, तुमच्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या २० तारखेला निघते आणि ते भरायला त्यानंतर वीस दिवस मिळतात. म्हणजे २१ तारखेला केलेल्या खरेदीला सुमारे पन्नास दिवसांची सवलत मिळते आणि पुढच्या २० तारखेच्या खरेदीला फक्त वीस दिवसांची. जाहिरातीत पन्नास दिवस लिहिलेले असतात. पण खर्च महिनाभर सारखा होत असेल तर सरासरी पस्तीस दिवसच पडतात. महिन्याला ३०,००० रुपये कार्डावर जात असतील आणि तेवढे पैसे बचत खात्यात राहत असतील, तर अडीच टक्के दराने महिन्याला सुमारे ७२ रुपये, वर्षाला ८६० च्या आसपास व्याज होते. मोठ्या बँकांनी २०२५ मध्ये बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला, म्हणून मी तोच धरला. हेच पैसे साडेसहा टक्के देणाऱ्या ठेवीत किंवा तत्सम ठिकाणी ठेवता आले, तर वर्षाला साधारण २,२४० रुपये होतात, आणि त्यातूनही कर जायचा असतो. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर दहा हजारांपर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत ती नाही.

ही रक्कम तुच्छ आहे असे मी कधीच म्हणत नाही, कारण आठशे रुपयांत एखाद्या घराचे विजेचे बिल भरले जाते. बचत खात्याचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते, त्यामुळे तुमचा पैसा खात्यात जितके दिवस राहतो तितक्या दिवसांचे व्याज मिळते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर व्याज धरत, तेव्हा हा हिशेब इतका सरळ बसला नसता.

आता दुसरी बाजू पाहू, आणि माझ्या मते खरा विचार तिथेच करायचा आहे. तेच ३०,००० चे बिल एखाद्या महिन्यात पाच दिवस उशिरा भरले गेले असे धरा. कार्डाचा व्याजदर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरला, तर व्याज देय तारखेपासून लागत नाही, प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून लागते. सरासरी चाळीस दिवसांचे सुमारे १,३८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून १,६३० रुपये जातात. विलंबशुल्क वेगळे, एवढ्या बिलावर ते हजाराच्या आगेमागे असते आणि त्यावरही जीएसटी असतो. म्हणजे वर्षभर साडेसहा टक्क्यांनी जमवलेले सगळे व्याज एका चुकलेल्या भरण्यात जाते, आणि थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंबशुल्क लावता येते आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवता येते. एवढा दिलासा जरूर आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

बिलाचा कागद एकदा नीट वाचा, असे मी प्रत्येकाला सांगतो. एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम असे दोन आकडे त्यावर जवळजवळ छापलेले असतात. तीस हजारांच्या बिलावर किमान रक्कम दीड हजार दिसते आणि तेवढे भरले की कार्ड चालू राहते, त्यामुळे अनेकांना काम झाल्यासारखे वाटते. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, अशी सूचना बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ती असते, फक्त बारीक अक्षरात असते.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट आडवी येते. गुजरीत दागिना घेताना किंवा लक्ष्मीपुरीत एखादे यंत्र घेताना रोख किंवा यूपीआय असेल तर एक भाव आणि कार्ड असेल तर वर दोन टक्के, असे अनेकदा ऐकायला मिळते, कारण कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला बँकेला शुल्क द्यावे लागते. पस्तीस दिवसांत साडेसहा टक्के दराने तुम्ही शेकड्याला जेमतेम ६२ पैसे मिळवता. त्यासाठी शेकड्याला दोन रुपये मोजणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय. व्यापारी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोखीचा भाव आणि मुदतीचा भाव यांतला फरक म्हणजेच व्याज, हे तो पेढीवरच शिकलेला असतो.

याच्याही पुढे जाऊन ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख रक्कम घ्यायची आणि ती ठेवीत टाकायची, असा मार्ग काही जण विचारतात. तो मी स्पष्ट शब्दांत नाकारतो. तिथे दोन-तीन टक्के कापले जातात आणि मालाशिवाय बिल केल्याने कार्डाच्या अटींचाही भंग होतो. एटीएममधून कार्डावर पैसे काढले तर शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. तिथे बिनव्याजी मुदत नसतेच.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दलही हाच प्रश्न येतो. साठ हजारांचा फोन बारा हप्त्यांत, दरमहा पाच हजार, व्याज शून्य. मग आपले साठ हजार ठेवीत का ठेवू नयेत? प्रत्यक्षात बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दिली जाते. १५ टक्के दर धरला तर ते व्याज सुमारे ४,६०० रुपये होते. सूट त्याची भरपाई करते, पण व्याजावरच्या जीएसटीचे सुमारे ८३० रुपये तुमच्याच खिशातून जातात. प्रक्रिया शुल्क दोनशे रुपये आणि त्यावरचा कर धरला तर खर्च हजाराच्या वर जातो. दरमहा पाच हजार कमी होत जाणारी तुमची रक्कम वर्षभर सरासरी ३२,५०० एवढीच राहते. बचत खात्यात तिचे ८१० रुपये होतात, म्हणजे तोटा, आणि साडेसहा टक्क्यांनी २,११० होतात, म्हणजे कर भरण्यापूर्वी हजारभर फायदा. दुकानदार रोखीत दीड हजार कमी करायला तयार असेल, तर तोही उरत नाही. म्हणून आधी रोखीचा भाव विचारावा.

परदेशातली उदाहरणे वाचून येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की ब्रिटनमध्ये खरेदीवर वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ शून्य व्याजाची कार्डे मिळतात आणि दरमहा किमान रक्कम भरत राहिले की ती सवलत टिकते. बँक ऑफ इंग्लंडचा दर २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर होता तेव्हा तिथेही या युक्तीत फारसे काही नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर गेल्यावर ती पुन्हा फायद्याची ठरली. आपल्याकडे मुदत महिन्या-दीड महिन्याची आहे, त्यामुळे तिथली गणिते इथे लागू पडत नाहीत.

ऊस उत्पादक शेतकरी हा प्रश्न विचारतात तेव्हा मात्र मला थोडे थांबावे लागते. त्यांना शून्य टक्क्याचे कर्ज नवे नाही. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज पडत नाही. ते कर्ज पिकासाठी दिलेले असते, ते ठेवीत वळवू नये, असेच मी सांगतो. पण कार्डाचे गणित त्यांच्या मिळकतीशी जुळतच नाही. कायद्याने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, चौदा दिवसांत द्यायची असते, तरी तोड कधी येईल आणि बिल कधी जमा होईल हे शेतकऱ्याच्या हाती नसते. कार्डाची तारीख मात्र दर महिन्याला येते. उसाच्या बिलाच्या भरवशावर कार्डावर खर्च करणे मला धोक्याचे वाटते.

ज्याला महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार येतो, खर्च आटोक्यात आहे आणि कार्डाला वार्षिक शुल्क नाही, त्याने हे खुशाल करावे. बिलाचे चक्र आपल्या सोयीनुसार किमान एकदा बदलून मिळण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. तो वापरून देय तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांवर आणून घ्यावी. खात्यातून आपोआप वजा होण्याच्या अर्जात किमान रक्कम आणि पूर्ण रक्कम असे दोन पर्याय असतात, त्यातल्या पूर्ण रकमेवर खूण करावी, आणि पैसे लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या म्युच्युअल फंडात) ठेवले असतील तर ते खात्यात यायला कामकाजाचा एक दिवस लागतो हे धरून देय तारखेच्या तीन दिवस आधी काढून ठेवावेत.