परांची

पंचवीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरमीला मी गेलो, ते एका पडक्या इस्पितळाच्या भिंती तपासायला. लॅरमी नदी नॉर्थ प्लॅटला मिळते तिथलं हे जुनं लष्करी ठाणं. इस्पितळ टेकडीवर, १८७३ साली बांधायला घेतलेलं. छप्पर कधीच गेलंय. भिंती फळ्यांच्या साच्यात थराथराने ओतलेल्या, आपल्या चुन्याच्या कोब्याच्या जातीच्या. फळ्यांच्या खुणा अजून दिसतात.

किल्ला म्हटलं की आपल्याला तट आणि बुरूज आठवतात. इथे लष्कराने तट कधी बांधलाच नाही. १८४९ मध्ये व्यापाऱ्यांकडून चार हजार डॉलरला जागा घेतली, ती ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे गाड्या हाकत निघालेल्यांच्या रक्षणासाठी. पण या वाटसरूंना जास्त मारलं ते पटकीने, आणि नद्या ओलांडताना पाण्याने. इतिहासकारांच्या हिशेबात १८४० ते १८६० या काळात आदिवासींच्या हातून ३६२ वाटसरू मेले, तर वाटसरूंच्या हातून ४२६ आदिवासी. मला वाटतं, ठाण्याचा खरा उपयोग झाला तो लोहार, टपाल आणि डॉक्टर यांचाच.

दुपारी मी पूर्वेच्या भिंतीची भेग मोजत होतो. परांचीचे पाइप कुठे उतरवायचे, ते नकाशावर खडूने आखलं होतं. तिथल्या वयस्क रेंजरबाई चढून आल्या, नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "स्कॅफोल्ड इथेच होता." मला वाटलं, आधीच्या दुरुस्तीची परांची. म्हणून विचारलं, "किती उंच होता?"

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं.

१८५४च्या ऑगस्टमध्ये एका वाटसरूची गाय लाकोटा या आदिवासी जमातीच्या छावणीत शिरली आणि मारली गेली. मुखिया कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. तरुण लेफ्टनंट ग्रॅटन २९ सैनिक, एक दुभाषा आणि दोन तोफा घेऊन निघाला. मुखियाला गोळ्या लागल्या, पुढे त्यांतच तो गेला. ग्रॅटनच्या तुकडीतलं कुणीही वाचलं नाही. एका गायीपायी! त्या लढाईत लाकोटांकडून स्पॉटेड टेलही होता. पुढे त्याने लष्कराची कैद भोगली.

१८६६ च्या मार्चमध्ये तोच स्पॉटेड टेल आपल्या मेलेल्या मुलीला घेऊन या ठाण्यावर आला. तिला इथेच ठेवावं, ही तिचीच इच्छा होती. ठाण्याचे प्रमुख कर्नल मेनाडिअर यांनी इतमामाने तिचा अंत्यविधी केला. थंडीत हात गारठू नयेत म्हणून स्वतःचे हातमोजे तिच्या पेटीत ठेवले. लाकोटांच्या रीतीने पेटी उंच माचावर ठेवली. त्या माचालाही इंग्रजीत स्कॅफोल्डच म्हणतात. तो माच याच टेकडीवर, जुन्या दफनभूमीपाशी होता.

बाप सगळ्यांसमोर रडला, असं बाई म्हणाल्या. सांगताना त्यांचाही आवाज ओला झाला होता.

मी खडूची खूण पुसली. पाइपांचा ट्रक चारला येणार होता. पश्चिमेकडून आणायचं तर उतार मोठा, प्रत्येक पाइप खांद्यावरून वर चढवावा लागणार. मुकादमाला कारण सांगितलं. त्याने काही न विचारता माणसं तिकडे वळवली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे पाइप वाहत होतो.