खिडकीखालची चार बाय पाच फूट जागा

माझी मुलगी पावणेचार वर्षांची. "आई, मी काय खेळू?" हा तिचा प्रश्न दिवसभर माझ्या मागे असायचा, आणि कोपऱ्यात खेळण्यांनी शिगोशीग भरलेल्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या असायच्या. काही हवं झालं की ती टोपली उपडी करायची, पाच मिनिटं उचकापाचक करायची आणि परत माझ्यापाशी. मी घरून काम करते. दर दहा मिनिटांनी उठताना माझी चिडचिड व्हायची आणि ती तिच्यावर निघायची, याचं फार वाईट वाटायचं.

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत खेळायला वेगळी खोली नाही. बेडरूमच्या खिडकीखाली चार बाय पाच फूट जागा निघाली, तीच तिची ठरवली.

एका रविवारी सगळी खेळणी चादरीवर काढून मोजली. एकशे सदतीस! मोडकी, भाग हरवलेली आधी काढली. मग बटण दाबलं की गाणारी. त्यांत खेळणंच खेळतं, मूल नुसतं बघतं. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दीड ते अडीच वर्षांच्या छत्तीस मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली, तर चार असताना ती एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, तऱ्हेतऱ्हेनं खेळली. माझी मुलगी मोठी आहे, म्हणून मी आठवर थांबले. बाकीची दिवाणात ठेवली. दर पंधरा दिवसांनी दोन-तीन बदलते.

चपलांच्या जुन्या रॅकची दारं सुताराकडून काढून घेतली. उंची अडीच फूट, म्हणजे वरचा कप्पाही तिच्या हाताशी. मुलं कप्प्यांवर पाय देऊन चढतातच, म्हणून रॅक अँगल लावून भिंतीला पक्कं केलं. हे मात्र कुणीही टाळू नये. एका खेळाला एक ताटली: ठोकळे, सावंतवाडीची लाकडी भातुकली, खडू आणि कागद, वाटीभर चिंचोके. मुलगी आता वस्तू तोंडात घालत नाही म्हणून चिंचोके. घरात लहान बाळ असतं तर ठेवले नसते. खाली एक चटई. चटईवर एका वेळी एकच ताटली, एवढाच नियम.

पहिला आठवडा काहीच बदललं नाही. ती बसायची आणि मला हाक मारायची. मी जायचे, "हा कुठला रंग? किती ठोकळे झाले?" असं विचारायचे. सासूबाई चार दिवस बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, ती मनात काहीतरी जुळवत असते, तेवढ्यात तू परीक्षा घेतेस."

सासूबाईंचं माहेर पालघर जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डीचं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे बालवाडी सुरू केली, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, खडे यांवरच मुलं शिकत होती. सासूबाईंनी माहेरून आणलेले शिंपले डब्यातून काढले आणि नववी ताटली झाली. मी हरकत घेतली नाही.

त्यानंतर मी एवढंच केलं: सुरुवातीला दहा मिनिटं तिच्याजवळ गप्प बसायचं, तिनं विचारलं तरच बोलायचं, मग "मी ओट्याशी आहे" असं सांगून उठायचं. न सांगता सटकले तर ती शोधत यायची. सांगून उठले की बसून राहायची. महिन्याभरात पंधरा-वीस मिनिटं एकटी खेळू लागली. आजारी असली, झोप झाली नसली की अजूनही नाही खेळत. त्या दिवशी जवळ घेऊन बसते.

काल पस्तीस मिनिटं हाक आली नाही. दाराआडून पाहिलं. चटईवर शिंपल्यांची पंगत बसली होती, प्रत्येकापुढे तीन-तीन चिंचोके. ती वाकून एकेकाला वाढत होती आणि म्हणत होती, "सावकाश होऊ द्या."